एमबीए? कशात?

ऑनलाइन एमबीएला नाव घातलेल्या माणसाला 'का?' असं कुणी विचारत नाही. 'कशात?' असं विचारतात.

'का'चं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. शेजारच्या टेबलावरच्यानं केलं, म्हणून.

मुळशी तालुक्यात सध्या हा प्रश्न जोरात आहे. एका अंगाला हिंजवडी-माणचे आयटीवाले, दुसऱ्या अंगाला पिरंगुटच्या कारखान्यांत शिफ्ट मारणारे, मध्ये भूगाव-भुकूमच्या नव्या सोसायट्यांत हप्ते फेडणारे. तिघांनाही सकाळी एकच फोन येतो. 'सर, स्पेशलायझेशन कुठलं घेताय?' सर अजून दात घासत असतात.

समोर लवळ्याची टेकडी दिसते. तिथं सिंबायोसिस आहे, फ्लेम आहे. देशभरातली पोरं चाकांच्या बॅगा ओढत तिथं शिकायला येतात. पायथ्याचं पोरगं मात्र ऑनलाइन. टेकडी चढता येते हो, फी चढत नाही.

तर स्पेशलायझेशन. यादी उघडली की मार्केटिंग, फायनान्स, एचआर, ऑपरेशन्स हे चार जुने मानकरी. त्यांच्यामागे बिझनेस ॲनालिटिक्स, डिजिटल मार्केटिंग, फिनटेक, लॉजिस्टिक्स. आणि आता सगळ्यांच्या शेपटाला एआय.

निवड कशी होते? मुलगी असेल तर एचआर, कारण ती माणसांशी छान बोलते. मुलगा असेल तर फायनान्स, कारण तो कुणाशीच बोलत नाही. इंजिनिअर असेल तर ऑपरेशन्स. ज्याचं काहीच ठरत नाही, त्याला मार्केटिंग.

बाजारात हल्ली जे काही विकायला येतं, ते पाहता हे पटतं.

ॲनालिटिक्सवाल्याला विचारा, बाबा रे, हेच का? म्हणतो, 'स्कोप आहे.' कशावरून? 'सगळेच म्हणतात.' डेटावरून निष्कर्ष काढायला शिकणाऱ्याचा हा पहिला निष्कर्ष.

घरच्यांचंही मत असतंच. आबा म्हणतात, 'फायनान्स घे, निदान भिशी तरी नीट सांभाळशील.' या अख्ख्या प्रकरणात तेवढाच सल्ला काहीतरी विचार करून दिलेला असतो.

आता जरा आतलं. दोन वर्षं, चार सेमिस्टर. पहिल्या दोन सेमिस्टरला बहुतेक सगळीकडे सगळ्यांना तेच: हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, माणसं कंपनीत कशी वागतात वगैरे. स्पेशलायझेशन उगवतं ते दुसऱ्या वर्षी, आणि तेही मोजक्या विषयांपुरतं. ज्याच्यावरून तीन आठवडे झोप उडाली, ते एका वर्षानं सुरू होणार.

तोवर मॅनेजर बदललेला असतो, कंपनी बदललेली असते आणि पोर्टलचा पासवर्ड विसरलेला असतो.

इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे १२० तास. हे तास कुठून येणार, असं स्पेशलायझेशन निवडताना कुणी विचारलंय? हिंजवडीचे लोक सांगतात, ट्रॅफिकमध्ये. त्या हिशेबानं तिथल्या काहींची पीएचडी व्हायला हवी होती.

पदवीवर मोठ्या अक्षरांत एमबीए. कशात, ते पुष्कळदा गुणपत्रिका उलगडल्यावरच कळतं. आणि गुणपत्रिका एवढी निगुतीनं कोण उलगडतं?

भावी सासरे.

लग्नाच्या बायोडेटातली सगळ्यात टिकाऊ ओळ कुठली, तर 'एमबीए, चालू'. ती वर्षानुवर्षं चालू राहते. लग्न ठरलं की बंद पडते.

बरं, सरकार गप्प नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये यूजीसीनं सांगून टाकलं की मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. उत्तम झालं. फक्त हे भरती करणाऱ्या साहेबांपर्यंत पोचलेलं नाही. त्यांचं स्पेशलायझेशन एचआर होतं, वाचन नव्हतं.

२०२४ मध्ये त्याच यूजीसीला जाहीर इशारा द्यावा लागला की दहा दिवसांत एमबीए होत नाही. सांगावं लागलं, म्हणजे नवव्या दिवसापर्यंत कुणीतरी नक्की पोचलं होतं.

२०२५ मध्ये मानसशास्त्र, पोषण-आहार असे आरोग्याशी जोडलेले विषय दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणातून काढायला लावले. बरोबरच आहे, चेहरा न पाहता कुणाचं मन कसं कळणार? एचआर मात्र कॅमेरा बंद ठेवूनही करता येतं.

प्रवेशाआधी आता यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी काढावा लागतो. त्यासाठी आधी क्रेडिटच्या बँकेचा एबीसी आयडी. त्यासाठी आधार. आयडी तीन झाले. आयडिया अजून एकही नाही.

एमबीएआधीच्या बीबीएची कथा आणखी न्यारी. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या छत्राखाली गेले, राज्यात सीईटी लागली, आणि परीक्षा द्यायला पोरंच कमी आली. ऑगस्टमध्ये पुन्हा सीईटी घेतली. दरम्यान काही कॉलेजांनी आपल्या अभ्यासक्रमाचं नवं बारसं केलं. नाव बदललं की नियम लागत नाही. व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी दाखवलेलं हे खरंखुरं व्यवस्थापन.

फॅशनचं म्हणाल, तर ही यादी नेहमीच वाऱ्याबरोबर वळलेली आहे. सिंबायोसिसनं २००१ मध्ये दूरशिक्षणाचं केंद्र काढलं, तेव्हा पुण्यातल्या निम्म्या आयटी कंपन्यांत पीजीडीबीएच्या पुस्तकांचे गठ्ठे टेबलाखाली असायचे. पुष्कळसे अजूनही असतील, न उघडलेले. त्याच काळात टेलिकॉम मॅनेजमेंट म्हणजे भाग्याचं दार होतं. आज लवळ्यातल्या सिंबायोसिसच्या टेलिकॉम संस्थेच्या नावात टेलिकॉमच्या आधी 'डिजिटल' आहे. उद्या एआय लागेल. पाटी रंगवणाऱ्याला कुठल्याही स्पेशलायझेशनची गरज पडत नाही.

आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एमबीएचा २०१९ चा अभ्यासक्रम काढा. मार्केटिंग, फायनान्स, एचआर, ऑपरेशन्स, ॲनालिटिक्स हे मेजर. ग्रामीण व कृषी व्यवसाय, पर्यटन व आदरातिथ्य हे मायनर.

मुळशीत भात पिकतो. आणि पावसाळ्यात दर रविवारी निम्मं पुणं ताम्हिणीच्या वाटेवर भजी खायला लोटतं. तालुक्याचे दोन्ही धंदे विद्यापीठाच्या लेखी मायनर.

भलत्याच तांदळाला आंबेमोहर म्हणून खपवणारा बाजार मेजर शिकलेला असणार.

तिसरा धंदा तर यादीतच नाही. जमीन.

पौडात सरकारी कचेऱ्यांच्या आसपास सकाळी अकराला चहा प्यायला थांबा. पांढऱ्या शर्टातला, बारावीच्या अलीकडेच शाळेला रामराम केलेला एखादा भाऊ दिसेलच. त्याच्या हातात एक सातबारा, त्यावर सतरा नावं. त्यातल्या तीन आत्या. एक मावळात दिलेली, एक भोरात, एक ठाण्यात. दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एक चुलता देवाघरी गेलेला, वारसनोंद झालेली नाही. या सगळ्यांना एका दिवशी, एका वेळी, दुय्यम निबंधकासमोर आणून अंगठे आणि सह्या घ्यायच्या, आणि नंतर कुणी रुसू नये म्हणून जेवणही घालायचं. कुठल्या एचआरमध्ये शिकवतात हे?

इसार किती, बाकीचे किती महिन्यांत, साठेखत कुणाच्या नावे, मधल्या काळात पुढचं गिऱ्हाईक गाठून त्याच्याच पैशातून आधीच्याचे कसे भागवायचे, हा फायनान्स. मोजणी, वहिवाटीची वाट, शेजाऱ्यानं सरकवलेला बांध, हे ऑपरेशन्स. कुसळंही धड उगवत नाहीत अशा माळावर 'हिल व्ह्यू'ची पाटी, हे मार्केटिंग. कुणाच्या घरी लग्न निघालंय, कुणाचं कर्ज थकलंय आणि कोण कधी विकायला तयार होईल हे तोंडपाठ असणं, याला ॲनालिटिक्स नाही तर काय म्हणायचं?

बरं-वाईट बाजूला ठेवा. पाचही मेजर एका माणसात, आणि फी शून्य.

त्याचा मुलगा हल्ली ऑनलाइन एमबीए करतो. बाप सतरा जणांच्या सह्या आणतो. मुलाला असाइनमेंट अपलोड करायची तीनदा आठवण करावी लागते.

विकलेल्या जमिनीच्या पैशाचं पुढं काय होतं, हे २०१८ मध्ये प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न'नं पडद्यावर दाखवलं. पैशाच्या व्यवस्थापनाचा तेवढा एकच धडा लोकांनी तिकीट काढून पाहिला. बाहेर पडताना लक्षात राहिले ते डायलॉग.

आणखी एक केस स्टडी मुळशीत शंभर वर्षं पडून आहे. १९२१ च्या रामनवमीला इथले शेतकरी टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. त्यांचे पुढारी सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालं, खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, वीज मुंबईला गेली.

हे कुठल्या स्पेशलायझेशनला लावायचं? ऑपरेशन्सवाले म्हणतील, प्रकल्प पूर्ण. फायनान्सवाले म्हणतील, परतावा चांगला. एचआरवाले म्हणतील, आम्हाला उशिरा कळवलं. मार्केटिंगवाले काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच पाण्याला 'लेक व्ह्यू' म्हणून काठावरचे प्लॉट विकले.

पुण्यात बापटांच्या नावाचा रस्ता आहे. सिंबायोसिसचा जुना पसारा त्याच रस्त्यावर, नवा लवळ्यात. मुळशीच्या जमिनीसाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या रस्त्यावरून व्यवस्थापनशास्त्र मुळशीतच मुक्कामाला आलं. सेनापतींच्या रस्त्यावर आता मॉलही आहे.

तर मग घ्यायचं तरी काय?

पिरंगुटला आठ वर्षं स्टोअर सांभाळणाऱ्यानं ऑपरेशन्स घेतलं तर काहीतरी हाताला लागेल. निदान रोज ज्याला 'लफडं' म्हणतो, त्याला 'इन्व्हेंटरी' म्हणता येईल आणि पुढच्या मुलाखतीत ते दोन मिनिटं उलगडून सांगता येईल. त्याच माणसानं फिनटेक घेतलं तर त्याला फिनटेक हा एक शब्द मिळेल. तोही ईएमआयवर.

क्षेत्र बदलायचंच असेल तर? बदला की. पण पदवी हातात आली म्हणून कुणी नवख्याला फायनान्सच्या खुर्चीत बसवत नाही. आधी त्या खात्यातलं एखादं नकोसं काम मागून घ्यावं लागतं. ते काम कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं, कारण त्याची फी आकारता येत नाही.

काहींना दोन्ही डगरींवर पाय ठेवायचा असतो. त्यांच्यासाठी ड्युअल स्पेशलायझेशन. अर्धं मार्केटिंग, अर्धं फायनान्स. म्हणजे खर्च कसा करायचा ते कळतं, आणि तो का करायला नको होता तेही कळतं.

खरी चौकशी रटाळ असते, म्हणून कुणी करत नाही. विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का? या सत्राला आहे का, की दोन वर्षांपूर्वी होतं? परीक्षा कुठं, कशी? आणि हा जो रोज फोन करतोय, तो नक्की कुणाचा? पदवी विद्यापीठाची, फोन कंपनीचा, असा प्रकार फार. पदवीच्या शिक्षणात फ्रँचायझी चालणार नाही, असं यूजीसीनं २०२२ मध्येच बजावलंय. फोनवरच्या मुलाला ते माहीत नसतं. त्याला फक्त तुमची जन्मतारीख माहीत असते.

त्याला उलटं विचारून बघा. 'दादा, तुमचं स्वतःचं स्पेशलायझेशन कशात?' पलीकडे क्षणभर शांतता. मग, 'सर, मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे.'

विचारा, शेतीचं काही आहे का? 'ॲग्री सध्या नाही सर. पण ॲनालिटिक्सच्या शेवटच्या दोन सीट्स उरल्यात, आज रात्री बारापर्यंत.'

ऑनलाइन वर्गातल्या खुर्च्या रात्री बाराला कशा संपतात, हे ऑपरेशन्सवाल्यांनी एकदा समजावून सांगावं.