पलटणचा विजय आणि चाहत्याची पंचाईत

कबड्डीच्या सामन्याचा निकाल मैदानावरचे चौदा खेळाडू लावतात, हे मत मुळशी तालुक्यात अद्याप सर्वमान्य झालेले नाही. पिरंगुटपासून पौडपर्यंत आणि तिथून ताम्हिणीकडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत प्रचलित असलेल्या सिद्धान्तानुसार निकाल ठरतो तो टीव्हीसमोर कोण कुठे बसले आहे, मध्येच कोण उठले आणि मागच्या पराभवाच्या वेळी घरात कोणता पाहुणा आला होता यांवरून. खेळाडू केवळ निमित्तमात्र. हा सिद्धान्त पडताळून पाहण्यास १ मार्च २०२४ ही तारीख सर्वांत सोयीची आहे, कारण त्या शुक्रवारी रात्री हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रो कबड्डी लीगचे विजेतेपद प्रथमच मिळवले, आणि त्याचे श्रेय घेणाऱ्यांची संख्या एकट्या मुळशीतच संघाच्या खेळाडूंपेक्षा कितीतरी अधिक भरली.

या संघावर मुळशीकर जो हक्क सांगतो, त्याला भूगोलाचा आधार आहे. पलटणचे घरचे मैदान म्हणजे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलाचा पत्ता म्हाळुंगे-बालेवाडी असा लिहिला जातो, आणि म्हाळुंगे हे २०२१ साली पुणे महापालिकेत जाईपर्यंत मुळशी तालुक्यातले गाव होते. तेव्हा संघ मूळचा तालुक्याचाच, शहराने त्याला फक्त नाव दिले, अशी मांडणी चहाच्या टपरीवर पुराव्यानिशी केली जाते. पत्त्यातल्या दुसऱ्या गावाचा उल्लेख कोणी केलाच, तर त्याच्यासाठी एक कटिंग सांगून विषय बदलण्यात येतो.

हक्क मोठा असला तरी त्यातून बराच काळ पदरात काही पडले नव्हते. लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हाचे पहिले दोन्ही मोसम पलटणने तळाशी काढले. पुढे २०२२ च्या डिसेंबरात संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला आणि मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ असा हरून परतला. अमेरिकेतल्या शिकागो कब्स या बेसबॉल संघाच्या चाहत्यांनी १९०८ नंतरचे विजेतेपद पाहण्यासाठी २०१६ पर्यंत, म्हणजे तब्बल १०८ वर्षे, वाट पाहिली आणि मधल्या अपयशांचे खापर १९४५ साली मैदानाबाहेर काढलेल्या एका बोकडावर फोडले. मुळशीत असे खापर बोकडावर फुटणे शक्य नाही, कारण इथे कोणताही बोकड इतका काळ टिकत नाही. मात्र पराभवाची मीमांसा करण्याचे शास्त्र इथेही तेवढेच पुढारलेले होते, आणि नऊ मोसमांच्या अभ्यासानंतर चाहत्याला त्यात चांगली गती आली होती.

अंतिम सामना पाहण्याची रीत पिरंगुटजवळच्या एका बैठ्या घरावरून समजून घेता येईल. माजघरातल्या टीव्हीपुढे वडीलधारी मंडळी आणि पडवीत मोबाईलवर तोच सामना पाहणारी तरुण पोरे, अशी तिथली विभागणी होती. मोबाईलवरचे प्रक्षेपण टीव्हीच्या काही सेकंद मागे चालते, त्यामुळे चढाई, म्हणजे एका खेळाडूने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात केलेली ३० सेकंदांची स्वारी, पडवीत सुरू होते न होते तोच तिचा निकाल आतल्या आरोळीवरून कळत असे. भविष्य आधीच ठाऊक असलेल्या माणसाने वर्तमानात उत्साह कुठून आणावा, हा प्रश्न त्या पोरांना रात्रभर पडला होता. तरीही आत जाऊन बसण्यास कोणी धजावले नाही, कारण आत आबा होते.

आबा हे प्रत्येक घरात आढळणारे, हुतूतूच्या जमान्यातले जाणकार होत. चढाईला गेलेला खेळाडू दम नीट घुमवतो आहे की नाही, हे ते कान देऊन ऐकतात, आणि समालोचकाच्या आवाजात तो ऐकू आला नाही की "आरं, दम तुटला त्याचा! पंच झोपलाय का?" असा निर्णय देतात. पलटणचा इराणी बचावपटू मोहम्मदरेझा शादलू याने घोटा धरून पकड केली, म्हणजे चढाई करणाऱ्याला परत जाऊ दिले नाही, तेव्हा ही कला आपल्याच तालुक्यातून तिकडे गेली असावी, असे मत त्यांनी नोंदवले. इतिहासाने त्यास दुजोरा दिलेला नाही.

मध्यंतर जवळ आले असताना पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. एका चढाईत तीन किंवा अधिक गुण मिळाले की तिला अव्वल चढाई म्हणतात, आणि अंतिम सामन्यात अशी चढाई साधणे हे साधे काम नव्हे. परंतु घरातले मत वेगळे पडले. त्या नेमक्या क्षणी धाकटा नातू पाणी पिण्यास उठलेला होता, असे निदर्शनास आल्याने उत्तरार्धभर त्याला माठापाशी उभे करण्यात आले. पलटणने उत्तरार्धात लोण चढवले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे सर्व गडी बाद करून दोन जादा गुण वसूल केले, तेव्हा नातवाने बसण्याची परवानगी मागितली आणि ती एकमताने फेटाळली गेली. चुलीवरची भाकरी या काळात करपली. तिच्यावर कोणी बोलले नाही, हाच त्या रात्रीचा खरा विक्रम मानावा लागेल.

विजय झाला, फटाके वाजले, आणि चाहत्याची पंचाईत सुरू झाली. पराभवाचे विश्लेषण करण्यात ज्याची उमेद गेली, त्याला जिंकल्यावर नेमके काय बोलावे हे सुचेना. तीनच गुणांनी का जिंकलो, दुसरे लोण का चढले नाही, असे मुद्दे दुसऱ्या दिवशी टपरीवर निघाले, पण त्यांत जीव नव्हता. साखळीतल्या २२ सामन्यांपैकी संघाने १७ जिंकले होते, ३ बरोबरीत सोडवले होते आणि २ गमावले होते. चर्चा अखेर त्या दोन सामन्यांवर आली तेव्हा मंडळींना जरा हुशारी वाटू लागली. कर्णधार अस्लम इनामदार मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर त्यावरही 'नगर जिल्ह्यातला पोरगा, आपल्याकडे असता तर अजून पुढे गेला असता' एवढी भर घालून झाली.

ही बेकारी फार टिकली नाही. पुढच्या मोसमाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी म्हाळुंगे-बालेवाडीच्याच संकुलात झाला, गतविजेत्या पलटणला बाद फेरीही गाठता आली नव्हती, आणि तालुक्याच्या वेशीवर येऊन करंडक नेला तो हरियाणा स्टीलर्सने, पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून.