गोड बातमीच्या आधीची पथ्यं

आमच्याकडे लग्नाचा हॉल वर्षभर आधी बुक होतो, चकलीची भाजणी पंधरा दिवस आधी दळून येते. मूल तेवढं ‘व्हायचं तेव्हा होईल’ या खात्यात. त्यामुळे मूल हवं असेल तर तीन महिने आधीपासून कंबर कसा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा नवरा दचकलाच. त्या हे त्याच्याकडे बघून सांगत होत्या.

तो बिचारा आला होता गाडी लावायला आणि फाइल धरायला. माझं प्रकरण बाईंनी पाच मिनिटांत उरकलं. फोलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, आजपासून. कारण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भ राहिल्यावर साधारण २८ दिवसांत मिटूनही जाते, आणि तोवर पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेलेत याचा पत्ताच नसतो. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, थॅलेसेमियाची तपासणी. रुबेलाची लस झाली नसेल तर घ्यायची आणि पुढे महिनाभर थांबायचं. कॉफी दोन कपांच्या वर नाही. मी माना डोलावल्या. बायकांना पथ्यांची सवय असते. नाही तरी चतुर्थ्या आणि एकादश्या कोण करतं?

“आता तुमचं,” बाई त्याला म्हणाल्या, आणि त्यानं फाइल छातीशी धरली.

नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने तरी लागतात, हे ऐकल्यावर त्याच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. “म्हणजे लीड टाइम! आज मी सिगारेट ओढली तर तिचा माल अडीच महिन्यांनी डिस्पॅच होणार.”

“हो,” बाई म्हणाल्या, “आणि रिजेक्शन आलं की डेबिट नोट बायकोच्या नावावर.” मूल होण्यात अडचण येते तेव्हा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही कारण असतं, असं त्यांनी सांगितलं. मी हे वाक्य जपून ठेवलं. पुढे कामी आलं.

सिगारेट बंद, दारू बंद, पोट कमी. लॅपटॉप मांडीवर घ्यायचा नाही, कारण त्या कारखान्याला शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो, म्हणून तर निसर्गानं तो बाहेर बांधलाय. गरम पाण्याच्या टबात डुंबणंही वर्ज्य. “मग आंघोळच…” असं त्यानं आशेनं सुरू केलं, पण बादलीभर कढत पाण्यानं काही बिघडत नाही म्हणून बाईंनी ती वाट बुजवली.

खरी पंचाईत पथ्यांची नव्हती, गुपिताची होती. ‘गोड बातमी कधी?’ हे लिफ्टमध्ये विचारण्याची लोकांना मुभा आहे. ‘तयारी चालू आहे’ असं उत्तर दिलं तर मात्र विचारणाराच लाजून जिन्यानं जातो. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून या विषयांवर उघड लिहिलं, त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले, एका खटल्यात तर बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. एवढं सगळं होऊनही आमची फोलिक ॲसिडची डबी नाचणीच्या पिठाच्या डब्यामागे.

टपरीवर नवऱ्याचे हाल कुत्रा खाईना. एका हातात कटिंग आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं उगाच हवेत ताठ. शेवटी त्यानं त्या बोटांत खाऱ्या दाण्यांची पुडी धरली. एकेक दाणा काढायचा, अंगठ्यानं साल उडवायचं, फुंकर मारायची. फुंकण्याची तेवढीच हौस. मित्रमंडळींनी आधी त्याला शुगर लावली, मग हार्ट, मग तो कुठल्याशा महाराजांच्या नादी लागल्याचं ठरलं. सासूबाईंचं निदान साधं होतं: सून उपाशी ठेवते.

आणि ते दिवस! पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीज सुटतं. त्याआधीचे पाच दिवस आणि तो एक, एवढाच काय तो मुहूर्त. नेमकी त्याच आठवड्यात याची रात्रपाळी, नाही तर कराडच्या आत्या मुक्कामाला. दोन खोल्यांच्या घरात आत्या म्हणजे खोकल्यासकट तिसरी भिंत.

याच आत्या एका बारशाला, कुणाच्या तरी लेकीबद्दल, जेवता जेवता म्हणाल्या, “शेतच कसदार नसेल तर बी काय करणार?” माझ्या हातातली जिलबी खाली आली. म्हटलं, “आत्या, सुश्रुतानं चार गोष्टी सांगितल्यात. ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. क्षेत्र त्यातली एकच आहे.” शिवाय ते जपून ठेवलेलं निम्म्या जोडप्यांचं वाक्यही सुनावलं. पंगत गप्प. नवरा मठ्ठ्यात तोंड लपवून बसला. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघर आवरायला काढलं. डबी सापडली. “ही कुणाची गोळी?” मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “माझी. केस गळतात म्हणून.” त्याच्या डोक्याकडे बघता हे कुणालाही पटावं.

चार दिवसांनी डबी भलतीच हलकी लागली. सासूबाई रोज एक घेत होत्या. त्यांचेही केस गळतात. मी घाबरून सांगितलं, “आई, तुमच्या वयाला बी-१२ तपासल्याशिवाय नको हो ही, खरी कमतरता झाकून जाते.” त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी त्या कराडला फोनवर बोलत होत्या, “अगं, छोटी पिवळी गोळी. याचे केस बघ कसे थांबलेत. हो, दोन डब्या आणायला सांगते.”