शेपटी बदलून बघू

कॅटायनिक लिपिड बनवणारा केमिस्ट ओळखणं अवघड नाही. त्याच्या हाती लाइटबिल द्या, लग्नपत्रिका द्या. थोड्या वेळाने पाठकोऱ्या बाजूवर एक गोल डोकं आणि दोन लांब शेपट्या उमटलेल्या दिसतात. आमचे सर या जातीचे मेरुमणी. डोक्यावर धनभार, मध्ये जोड, खाली 18-18 कार्बनच्या दोन शेपट्या. या तीन तुकड्यांखेरीज जगात आणखी काही असतं, यावर त्यांचा फारसा विश्वास नाही.

काम ऐकायला सोपं. डीएनएवर ऋणभार, पेशीच्या पृष्ठभागावरही ऋणभार. दोघं एकमेकांना उभं करत नाहीत. मग मध्ये धनभाराचं लिपिड घालायचं. ते डीएनएला पोटाशी धरतं, पेशीला चिकटतं आणि विषाणूच्या हातापाया न पडता जीन आत पोचते. कॅलिफोर्नियात फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी डॉटमा नावाच्या लिपिडाने ही किमया केली, तो निबंध 1987चा. ते साल सर अशा सुरात उच्चारतात, जशा सुरात इतर लोक कपिलदेवच्या आठवणीने 1983 म्हणतात.

आमची लिपिडं तळमजल्यावरच्या मॅडमकडे जातात. त्या ती पेशींवर टाकतात आणि फोन करतात.

"सर, पेशी मेल्या."

"किती?"

"सगळ्या."

"पण डीएनए आत गेला ना?"

"गेला."

"मग पोचवण्याचा प्रश्न सुटला म्हणा की!"

फोन ठेवून सर आमच्याकडे वळतात. "शेपटी बदलून बघू."

एकदा मात्र जोड बदलला. डॉटमातला इथर जोड सहजी तुटत नाही. डॉटॅप नावाच्या दुसऱ्या लिपिडात त्या जागी एस्टर असतो, काम झालं की पेशी तो कापू शकते. आम्हीही एस्टर घातला. पेशी जगल्या. पेढे आले. मग मॅडमनी त्यात सीरम घातलं आणि सगळं मुसळ केरात. सीरममधल्या ऋणभारित प्रथिनांनी आमच्या कणांना वाटेतच गराडा घातला. धनभाराची ही खोड जुनी, समोर कुठलाही ऋणभार दिसला की गळ्यात पडायचं. शिवाय आत पोचलं तरी सुटका नाही. पेशी आलेला माल एंडोसोमच्या पिशवीत कोंडते. वेळेत बाहेर पडला नाही, तर पचवून मोकळी होते.

"धरणं कोणालाही जमतं," सर म्हणतात, "वेळेवर सोडता आलं पाहिजे." हे ऐकणाऱ्यांत एक मुलगी असते. तिचा प्रबंध केव्हाच लिहून झाला आहे. "एवढी एकच शेपटी करून जा," म्हणून सरांनी तिला ठेवून घेतलं आहे.

2018 मध्ये अमेरिकेत पॅटिसिरान या औषधाला मंजुरी मिळाली, दोन वर्षांनी कोविडच्या एमआरएनए लशी आल्या. दोन्हींतली लिपिडं वेगळ्या स्वभावाची. रक्तात जवळजवळ भाररहित राहायचं आणि एंडोसोमच्या आम्लात शिरल्यावर धनभार धारण करायचा. कायम धनभारित राहण्याचं व्रत घेतलेल्या सरांना हे पाहवेना. "याला डिझाइन म्हणतात? हा शुद्ध संधिसाधूपणा! इथे भार नाही, तिथे भार. उद्या निवडणुकीला उभं राहील!"

पुढे आठवडाभर ते सीलबंद पाकिटासारखे गप्प होते. मग एका सकाळी फळ्यावर आमचंच जुनं लिपिड दिसलं. डोकं तेच, शेपट्या त्याच. फक्त नायट्रोजनवरच्या तीन मिथाइलपैकी एक गायब होता. त्यासोबत कायमचा धनभारही.

"सर, इथला एक मिथाइल पुसला गेलाय," ती प्रबंधवाली मुलगी म्हणाली.

सरांनी हातातलं डस्टर टेबलावर ठेवलं.

"कुठला मिथाइल?"