चकतीपुरती लेथ

नवरात्रात आमच्या सोऱ्याची चकलीची चकती हरवली आणि बायको ड्राय बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली. पूर्वी ती इथे कपडे वाळत घालायला यायची. लेथ आल्यापासून कपडे हॉलमध्ये वाळतात.

"अहो, तुमच्या त्या यंत्रावर एवढी एक चकती होईल का?"

लेथ घरात येऊन दोन वर्षं होत आली होती. इतक्या दिवसांत तिला कुणी काम सांगितल्याची ही पहिलीच वेळ. "होईल का म्हणजे काय! अर्ध्या तासात देतो," मी म्हणालो. बँकेत पस्तीस वर्षं काढूनही मला मुदत सांगता येत नाही.

मग दोन वर्षं लेथने केलं काय, असं कुणीही विचारेल. लेथने लेथला लागणाऱ्या वस्तू केल्या. लेथ हे स्वतःला घडवू शकणारं एकमेव यंत्र आहे, असं हौशी मंडळी एकमेकांना सांगत असतात. हेन्री मॉडस्लीने १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारी लेथ केली. ती आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. तशा लेथच्या जोरावर इतर यंत्रं आली आणि कारखाने उभे राहिले. माझी लेथ मात्र आरशासमोर बसल्यासारखी स्वतःचेच दागिने घडवत बसली.

ही लेथ म्हणजे पोरवयाचं यंत्र. वजन चाळीस किलो. बेडवर १८० मिमी व्यासाचा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरेल, दोन सेंटरमध्ये ३५० मिमी लांबीचा मावेल. घरगुती मापात सांगायचं तर तांब्या कसाबसा बसेल, कळशी नाही. खोक्यातून निघाली तेव्हा तिला नखशिखांत लाल चिकट ग्रीस फासलेलं होतं. ते डिझेलने पुसत असताना आमच्या सोसायटीतले फोरमन आले. भोसरीतल्या कारखान्यात टर्नर म्हणून लागलेले आणि फोरमन होऊन निवृत्त झालेले हे गृहस्थ. त्यांना सगळे फोरमनच म्हणतात. बाळंतिणीकडे बाळ पाहायला यावं तसे ते उभे राहिले, चकवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान आहे, साहेब. मोठी कधी होणार?"

जॉब पकडणारा चक सोबत आला होता, तो तीन जबड्यांचा. तिन्ही जबडे एकदम सरकतात आणि जॉब आपोआप मध्यावर येतो, म्हणून वर्कशॉपमध्ये त्याला ट्रू चक म्हणतात. चार जबड्यांचा, ज्याचा प्रत्येक जबडा वेगळा आवळावा लागतो, तो डॉग चक. माझा ट्रू चक पहिले तीन महिने अगदी सत्यवचनी होता. मग मी डायल गेज घेतला, तो उभा करायला मॅग्नेटिक स्टँड घेतला आणि काटा टेकवून चक हाताने फिरवला. ०.०८ मिमीची मार, म्हणजे जॉब तेवढा मध्यावरून हलत फिरतो. डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण तेवढीच भरते. पण आदल्या रात्रीपर्यंत शांत झोपणारा मी त्या केसाने जागा राहू लागलो. साखर तपासली नसती तर मधुमेह झालाच नसता, असं म्हणणारे माझे एक मेव्हणे आहेत. त्यांचं म्हणणं मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

फोरमननी काटा पाहिला. "मोजलंत ते ठीक. जॉब कुठाय?"

जॉब नव्हता. पण ०.०८ होतं ना! त्यावर उपाय डॉग चक. तो आणला तर तो १०० मिमीचा आणि चक फिरवणाऱ्या स्पिंडलची खोबण ८० मिमीच्या चकची. मध्ये बॅकप्लेट हवी. बॅकप्लेट बिडाची आली. ती स्पिंडलवर चढवून तिथेच कातून चकच्या मापाला आणायची असते. तीन संध्याकाळी काळी भुकटी खात मी ती कातली. हातरुमालाची अवस्था अशी झाली की बायकोने तो चिमट्याने उचलून टाकला. त्यानंतर डॉग चकमध्ये एक सळई मध्यावर आणायला मला चाळीस मिनिटं लागली. समोरासमोरचे दोन जबडे एक जोडी धरायचे, एक सैल करायचा, दुसरा आवळायचा, काट्याकडे बघायचं. फोरमननी ती सैल करून पुन्हा लावली. दोन मिनिटं. त्यातलं एक मिनिट ते माझ्याशी बोलत होते.

यानंतर टूल. टूलचं टोक जॉबच्या बरोबर मध्याच्या उंचीला लागतं, नाहीतर फेसिंग मारल्यावर, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कातल्यावर, मधोमध बोंडी राहते. ती उंची साधायला टूलखाली पॅकिंग घालतात. मी हॅक्सॉच्या ब्लेडचे तुकडे घालत होतो. एकदा घाईत व्हिजिटिंग कार्ड घातलं, तेही बँकेचं. ही कटकट संपवायला क्विक चेंज टूलपोस्ट मिळते: होल्डरवरचा नट फिरवला की उंची जमली. घेतली. तिच्या मधलं भोक लेथच्या स्टडपेक्षा चांगलंच मोठं निघालं, म्हणजे मध्ये बुश हवा. बुश कातायला लेथ हवी, आणि लेथची जुनी टूलपोस्ट काढून मी हौसेने तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. शिडी लावली, जुनी उतरवली, बसवली, बुश कातला, जुनी पुन्हा माळ्यावर चढवली. आता होल्डर. संचात पाच येतात आणि माझी टूलं अकरा. उरलेल्या सहांसाठी सहा होल्डर. "माझ्या मसाल्याच्या डब्यात सात वाट्या आहेत आणि त्यावर घर चाललंय," एवढंच बायको म्हणाली. ती सहसा एवढंच म्हणते.

कातणं हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. कातारी खेळणी नि पलंगाचे पाय कातायचे, आणि रेखीव नाकडोळ्यांना आपण आजही कातीव म्हणतो. पण धातूच्या टूलांनी वर्कशॉपच्या मराठीत निराळीच भर घातली. फोरमन कार्बाइडच्या टूलला विडिया म्हणतात, आणि मला बरेच महिने हे पानाच्या विड्याचं काहीतरी आहे असं वाटायचं. खरं तर १९२६ च्या सुमारास जर्मनीतल्या क्रुप कंपनीने या मालाला नाव दिलं 'विडिया'. 'हिऱ्यासारखं' या अर्थाच्या 'वी डियामांट' या दोन जर्मन शब्दांचं ते कडबोळं. आता हा विडिया सुट्ट्या तुकड्यांत मिळतो. ते इन्सर्ट. त्यांच्या डबीवर लिहिलेलं असतं सीसीएमटी ०६०२०४. बँकेतल्या माणसाला हा आयएफएससी कोड वाटला तर त्याचा दोष नाही, आणि वाचायचीही रीत तीच. पहिला सी म्हणजे ८० अंशांचा चौकट आकार, दुसरा सी म्हणजे खालचा सात अंशांचा उतार, शेवटचा ०४ म्हणजे टोकाची गोलाई ०.४ मिमी. हे पाठ झालं त्या दिवशी मी फोरमनना म्हणून दाखवलं. ते खिशातून हायस्पीड स्टीलचा एक तुकडा काढून ग्राइंडरवर घासत होते. घासायचा, मग्यातल्या पाण्यात बुडवायचा, पुन्हा घासायचा. पाच मिनिटांत टूल झालं. "याला कोड नाही," ते म्हणाले. मग मी ग्राइंडर घेतला.

खरेदीच्या जागा सांगायला हव्यात, कारण या हौसेचं निम्मं सुख तिथेच आहे. रविवार पेठेतली बोहरी आळी. मुंबईत लग्न असलं की अक्षता पडल्यापडल्या गाठायची नागदेवी स्ट्रीट. आणि बुधवारी-रविवारी आपला जुना बाजार, जिथे ताडपत्रीवर जुन्या नळांच्या शेजारी मायक्रोमीटर पहुडलेला असतो. तिथेच मला एक कोरं करकरीत रिव्हॉल्व्हिंग सेंटर मिळालं. लांब जॉबच्या मागच्या टोकाला टेकू देणारं आणि त्याच्याबरोबर फिरणारं, म्हणून जॉब घासत नाही. भाव असा, की मी घासाघीससुद्धा केली नाही. घरी येऊन लेथच्या मागच्या टोकाच्या टेलस्टॉकमध्ये घालायला गेलो तर जाईना.

स्टीफन मोर्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६० च्या दशकात सेंटरच्या अशा निमुळत्या दांड्यांची मापं बांधून दिली. दोन नंबरचा मोर्स टेपर तोंडाशी १७.७८ मिमी, तीन नंबरचा २३.८. माझा टेलस्टॉक दोन नंबरचा आणि सेंटर तीन नंबरचं. तीन नंबर चालतो तो माझ्या स्पिंडलला. पण स्पिंडल मुळातच फिरतं. त्यात फिरतं सेंटर घालणं म्हणजे आगगाडीत बसून सायकल मारणं. तरी मी घालून पाहिलं. छान बसलं. दोघेही फिरले, जॉब स्थिर.

हिशेब वहीत ठेवलेला आहे, इथे देत नाही. एवढंच सांगतो, की लेथ हे मुद्दल होतं, ते एकदाच फेडलं. व्याज अजून चालू आहे आणि ते चक्रवाढ आहे.

तर चकती. सोऱ्याचं आतलं माप व्हर्नियरने घेतलं: ४८ मिमी. चांदणीचं भोक किती, काटे किती, हे सांगायला चकतीच नव्हती. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो चकल्या आणून काटे मोजले. सहा. व्यास मोजायला चकली व्हर्नियरच्या जबड्यात धरली तर पहिल्या तीन तुटल्या. फोरमन म्हणाले, "मऊ जॉब आहे, दाब कमी द्या." चौथी ११ मिमी भरली. पीठ तळताना फुगतं हे धरून भोक मी नऊचं ठरवलं.

माझा बेत पितळेचा होता. दुकानदाराने विचारलं, "कशाला हवंय?" मी सांगितलं. "मग हा रॉड नको. कातायच्या पितळेत शिसं असतं. खायच्या वस्तूला स्टेनलेस घ्या." त्याने ५० मिमीच्या स्टेनलेसच्या रॉडचा दहा मिमीचा काप काढून दिला. दोन वर्षांतली ही माझी सगळ्यात स्वस्त खरेदी आणि सगळ्यात शहाणा सल्ला, दोन्ही एकाच पिशवीतून घरी आले.

एवढा रुंद काप धरायला चकचे जबडे उलटे बसवावे लागतात. जबड्यांवर एक, दोन, तीन असे आकडे असतात आणि ते त्याच क्रमाने आत सोडायचे असतात. मी एक, तीन, दोन सोडले. काप मध्याला सोडून एका बाजूला असा गेला, की ट्रू चकची ०.०८ ची मार मला संतवचनासारखी वाटू लागली. पुन्हा लावले. कट घेतला. स्टेनलेसचा स्वभाव असा, की टूल नुसतं घासत राहिलं तर वरचा थर कडक होतो आणि मग तो कुणालाच दाद देत नाही. "मारायचा तर कट मारा, गोंजारत बसू नका," फोरमन मागून म्हणत होते. लेथ थरथरली, सिंकवरच्या भांड्यांनी साथ धरली. मग एकदम आवाज बदलला, पक्का झाला, आणि टूलवरून निळी-सोनेरी बुर सलग सुटायला लागली, सुतरफेणीसारखी. ती हाताने ओढायची नसते, बोटं कापतात. मला ठाऊक होतं. तरी एकदा ओढली.

फेसिंग झालं, व्यास ४७.६ ला आणला, उलटवून दुसऱ्या बाजूने जाडी चारवर आणली. भोकासाठी दोन ड्रिल बोथट केली, तिसऱ्याने पाडलं. हे सगळं दोन रविवारांत. चकती आरशासारखी झाली आणि तिच्या मध्ये भोकही आरशासारखं गोल.

लेथ गोलच करते. चांदणी करत नाही. ही गोष्ट मला दोन वर्षं माहीत होती.

दोन चक, अकरा होल्डर, डायल गेज आणि विडियाच्या तीन डब्या बाल्कनीत चमकत होत्या. मी माळ्यावरून वडिलांच्या वेळची त्रिकोणी कानस काढली. तिचा कोपरा साठ अंशांचा असतो, चांदणीला तो चालतो. चकती शेगड्यात धरून चार संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिकेच्या वेळात घासत बसलो. बायको पलीकडे लसूण सोलत होती. "हे त्या यंत्रावर होत नाही का?" तिने विचारलं. मी आवाज वाढवायला सांगितलं.

वसुबारसेच्या सकाळी सोऱ्या लागला. तिने ना व्हर्नियर मागितला ना डायल. चकती आत टाकली, बोटाने फिरवून पाहिली आणि म्हणाली, "बसली." पहिला घाणा तळून निघाला. खुसखुशीत, सोनेरी. पाच काटे देखणे, सहावा मात्र दबलेला. प्रत्येक चकलीला एका बाजूने टक्कल पडल्यासारखं दिसत होतं.

फोरमननी एक चकली घेतली, अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "इंडेक्सिंग चुकलंय, काट्यांची वाटणी सारखी नाही. तुमच्या बदली गिअरांत साठ दात्यांचं एक आहे ना? स्पिंडलच्या मागे लावा, दहा-दहा दाते मोजा, खुणा करा. खर्च शून्य." आणि त्यांनी दुसरी चकली घेतली.

मला पटलं. अगदी मनापासून पटलं. त्याच रात्री मी ही वाटणी करून देणारं डिव्हायडिंग हेड मागवलं. ते माझ्या लेथवर बसवायला व्हर्टिकल स्लाइड लागते, हे पैसे भरल्यावर कळलं. कुणाकडे लहान लेथची अशी स्लाइड पडून असेल तर कृपया कळवावं. बदल्यात तीन नंबरचं रिव्हॉल्व्हिंग सेंटर देईन. कोरं आहे, एकदाच फिरलंय.