परवाना सासूबाईंच्या नावे

मराठी माणूस सॉफ्टवेअर लिहितो, दुसऱ्याने लिहिलेलं दुरुस्त करतो, अमेरिकेत जाऊन विकतोही. विकत घेणं तेवढं त्याच्या संस्कारांत बसत नाही.

आमच्या पिढीने प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा केला तो टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर. सुरुवातीला ‘क्लिअरस्क्रीन’, शेवटी ‘गेटसीएच’ आणि मधे देवाची कृपा. हे सॉफ्टवेअर बोरलँड नावाच्या कंपनीचं आहे आणि ते कुणीतरी पैसे मोजून घ्यायचं असतं, असा प्रश्न व्हायव्हाला कधी आला नाही. पुढे डॉस गेलं, बोरलँडही गेली. निळा पडदा मात्र डॉसबॉक्सचा टेकू घेऊन कितीतरी कॉलेजांत तसाच उभा राहिला.

गंमत अशी, की स्वस्तात विकायची धिटाई याच कंपनीने दाखवली होती. १९८३ साली तिचं टर्बो पास्कल ४९ डॉलर ९५ सेंटला आलं. तेव्हा बाकीच्यांचे कंपाइलर शेकडो डॉलरांच्या खाली उतरत नव्हते. बोरलँडचा परवानाही सुटसुटीत होता: हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा. कुणालाही द्या, पण एका वेळी ते एकाच ठिकाणी वापरात असलं पाहिजे. ज्या घरांत निम्मी पुस्तकं वाचनालयाची आणि उरलेली मित्रांची असतात, त्या घरांचा विचार करून ही अट जरा कडक लिहायला हवी होती.

मग आल्या आवृत्त्या. १९९८च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लर्निंग, प्रोफेशनल आणि एंटरप्राइज अशी चढती भाजणी होती. त्याच्याच भावंडाची, व्हिज्युअल सी++ ६ ची कहाणी तर आणखी सुरस. त्याच्या स्टँडर्ड आवृत्तीत प्रोग्राम वेगवान करणारा भागच नव्हता. स्वस्तात घेतलंत तर सावकाश पळा. पुस्तकांसोबत मिळणारी ‘इंट्रोडक्टरी’ आवृत्ती त्याहून पुढची. तिच्यात बांधलेला प्रोग्राम सुरू झाला, की आधी खिडकी उघडून सांगायचा, ‘मी प्राथमिक आवृत्तीत तयार झालो आहे, मला वाटू नका.’ रात्रभर जागून केलेलं आपलं अपत्य पाहुण्यांसमोर पहिलं वाक्य हे बोलायचं.

माल मुद्दाम बिघडवून स्वस्तात विकायच्या या कलेवर डेनेकेरे आणि मॅकफी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ साली चक्क शोधनिबंध लिहिला. त्यातलं आयबीएमच्या लेझर प्रिंटरचं उदाहरण मला फार आवडतं. महागडा प्रिंटर मिनिटाला दहा पानं छापायचा, स्वस्तातला पाच. यंत्र तेच; स्वस्त प्रिंटरला मधेमधे थांबायला लावणारी जास्तीची सोय तेवढी केलेली. म्हणजे कमी पैशात घेणाऱ्यासाठी कंपनीने जास्त खर्च केला होता! कारण उघड आहे. जे देऊ शकतात त्यांनी पुरते पैसे द्यावेत, आणि जे देऊ शकत नाहीत त्यांनी निदान काहीतरी द्यावं. दुकानदार वस्तूकडे न पाहता आधी आपल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहतो आणि मग भाव सांगतो.

आपल्याकडे हा सगळा बेत मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथने हाणून पाडला. तिथे सीडीवाल्याकडे लर्निंग आवृत्ती मागितली, तर तो अपमान झाल्यासारखा बघायचा. सगळ्यांना एकच आवृत्ती, एंटरप्राइज. बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी घडवलेल्या अवजाराने पोरं क्लासच्या फीचा हिशेब करायची. अशी चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला आपल्या कॉपीराइट कायद्यात किमान सात दिवसांची कैद सांगितली आहे, हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं.

सरळ मार्गाने स्वस्तात घ्यायचं, तर विद्यार्थी व्हावं लागतं. कंपन्या विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर अगदी कमी भावात किंवा फुकट देतात. त्यामागे विद्यादानाची कळकळ असेलही. पण कॉलेजात हाताला लागलेली सवय नोकरीत साहेबाकडे हट्ट धरते, हा हिशेब पक्का असतो. पवईच्या आयआयटीतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने याच्या उलटा हिशेब मांडला. महागड्या मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरऐवजी मुक्त असलेलं सायलॅब वापरा म्हणून त्यांनी सांगितलं, आणि पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून देणाऱ्या विद्यार्थ्याला वर मानधनही दिलं. ही बातमी मी घरात सांगितली तेव्हा यात नक्की फसवणूक कुठे आहे, यावर जेवण होईपर्यंत चर्चा चालली.

विद्यार्थ्याच्या परवान्यात एक अट ठरलेली: धंद्यासाठी वापर नाही. ऑटोकॅडने तर ती एके काळी सोवळ्यासारखी पाळली. शैक्षणिक आवृत्तीत काढलेला नकाशा छापला, की कडेला तसा शिक्का उमटायचा. तिथवर ठीक, पण विद्यार्थ्याच्या नकाशातली एखादी खिडकी उचलून पूर्ण पैसे भरलेल्या आर्किटेक्टच्या नकाशात बसवली, की त्याचा अख्खा नकाशा ओवळा व्हायचा आणि त्यावरही शिक्का यायचा. पुढे मधल्या काही आवृत्त्यांत हा शिक्का छापणं बंद झालं, तेव्हा किती ऑफिसांनी सुटकेचा श्वास टाकला असेल!

ओळखपत्र नसलेल्यांसाठी २०१४ साली मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती फुकट दिली. मात्र अडीचशेहून जास्त संगणक किंवा वर्षाला दहा लाख डॉलरांहून जास्त उत्पन्न असलेल्या संस्थांना ती कामकाजासाठी वापरता येत नाही. ही अट आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोणतेही कष्ट न घेता पाळत आलं आहे.

मला पुन्हा प्रोग्रामिंगकडे वळताना हवं होतं ते साधन मात्र दुसऱ्या कंपनीचं, आणि त्याचे भाव दोनच: पूर्ण आणि विद्यार्थ्याचा. घरात विद्यार्थी शोधायला लागले. मुलगा सहावीत, म्हणजे कंपनीच्या लेखी अजून लहान. ‘मी आजही विद्यार्थीच आहे’ असं सत्काराला उत्तर देताना नवरा नेहमी म्हणतो, पण त्या विधानाचं ओळखपत्र मिळत नाही. उरल्या सासूबाई. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलेजात मराठीच्या एम.ए.ला नाव घातलं आहे. अर्जात विषय विचारलाच नव्हता. ओळखपत्राचा फोटो पाठवला आणि परवाना त्यांच्या नावे आला.

‘‘आई, आता मी तो माझ्या लॅपटॉपवर घालते,’’ मी म्हणाले.

‘‘थांब.’’ सासूबाईंनी चष्मा लावला. आयुष्य कर्जविभागात गेलेलं. बारीक अक्षर न वाचता त्या वाण्याची यादीसुद्धा पुढे पाठवत नाहीत. सगळी कलमं वाचून त्यांनी चष्मा काढला. ‘‘अगं, हा हस्तांतरणीय नाही. माझ्या नावाचा आहे, तुला हात लावता येणार नाही.’’

‘‘पण तुम्ही त्याचं करणार काय?’’

‘‘शिकेन.’’

आणि शिकल्या की! सकाळी महानुभाव गद्य, दुपारी फॉर लूप. पहिला प्रोग्राम सोसायटीतल्या भिशीचा केला. भिशी हा धंदा आहे का, यावर त्यांनी स्वतःच निवाडा दिला: पैसे फिरतात, वाढत नाहीत, सबब नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना तो इतका आवडला, की त्यांनी आपल्या मंडळासाठी तसाच एक मागितला आणि पाचशेची नोट पुढे केली. सासूबाईंनी ती परत केली. ‘‘पैसे घेतले की धंदा झाला, आणि धंदा झाला की परवाना गेला. तुम्ही लिंबाचं लोणचं द्या. अटींत लोणच्याचा उल्लेख नाही.’’

मी अजून पूर्ण भावाची आवृत्ती सेलमध्ये येण्याची वाट पाहते आहे. अडलं तर सासूबाईंना विचारते. त्या सांगतात, पण कीबोर्डला हात लावू देत नाहीत. एम.ए. संपलं की परवानाही संपणार, म्हणून त्यांनी पीएच.डी.ची चौकशी सुरू केली आहे. विषय अजून ठरलेला नाही; कंपनीनेही विचारलेला नाही.