उतार कोणाच्या घराकडे

ग्वाल्हेरात पावसाचे पाणी हाताळण्याच्या दोन व्यवस्था आहेत : सरकारी आणि घरगुती. सरकारी व्यवस्था नकाशावर असते. घरगुती व्यवस्था नाल्याकाठच्या वस्त्यांत असते आणि तिच्यात उंबऱ्यावर थापलेला वीतभर सिमेंटचा बांध, खाटेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा, खाटेवर चढवलेली पत्र्याची पेटी आणि पाणी उपसायला एक तसराळे एवढे साहित्य येते. पहिलीचे उद्घाटन होते, दुसरी चालते.

पाणी सखल भागाकडे जाते, हा नियम अजून कोणत्याही ठरावाने रद्द झालेला नाही. स्वस्त जागाही सखल भागातच मिळते. म्हणून पावसाचा आणि गरिबाचा पत्ता बहुधा एकच निघतो. त्यात गल्लीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो, घर मात्र होते तिथेच राहते. पूर्वी ज्या घरात दोन पायऱ्या चढून जावे लागे, तिथे आता दोन पायऱ्या उतराव्या लागतात. विकासाची उंची इतक्या अचूकपणे मोजण्याची सोय बंगल्यांच्या वसाहतीत नाही.

शहराच्या निचऱ्याचा मोठा भार स्वर्णरेखा या ओढावजा नदीवर आहे. 1858 च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंचा घोडा याच ओढ्यापाशी अडला, असे सांगतात. पुढे ओढ्याचा तळ आणि काठ सिमेंटने बांधून काढण्यात आले. त्यात नावा फिरतील असे स्वप्न होते, प्रत्यक्षात सांडपाणी फिरू लागले. तळच बंद झाल्याने पाणी जमिनीत मुरण्याचा धोका टळला. प्रकरण हायकोर्टाच्या ग्वाल्हेर खंडपीठापर्यंत गेले. आता नदीवरून उन्नत रस्ता उभा राहत आहे, म्हणजे ती दिसण्याचा त्रासही कमी होईल.

हिशेब साधा आहे. सिमेंटवर पडलेल्या पावसाचा आठ-नऊ दशांश भाग तडक वाहू लागतो, तर मोकळ्या मातीत त्यातला बराचसा मुरतो. 20 चौरस मीटरच्या पत्र्यावर 50 मिलिमीटरची सर पडली की 1000 लिटर पाणी होते. ते 200 लिटरच्या पाच पिंपांत मावते. शंभर घरांनी एवढे पाणी तासभर अडवले, तर गल्लीत लाखभर लिटर कमी उतरते. त्यासाठी पत्र्याला पन्हळ आणि खाली पिंप लागते. जागा असेल तिथे विटांचे तुकडे, खडी आणि वाळू भरलेला शोषखड्डा चालतो. त्यात फक्त पावसाचे पाणी सोडायचे, मोरीचे नाही, नाहीतर शेजारच्या हातपंपाला त्याची चव येते. खडक वर असेल तिथे खड्ड्याचा उपयोगही बेताचाच. उरते ते गटाराच्या तोंडाशी लावायची जाळी आणि ती साफ करणारा माणूस. यांपैकी माणूस मिळणे सर्वांत कठीण, कारण त्याच्यावर कोनशिला बसवता येत नाही.

नमुना शोधायला परदेशी अभ्यासदौरा काढण्याची गरज नव्हती. इंदूरमध्ये अभियंता हिमांशु पारीख यांनी झोपडवस्त्या नैसर्गिक ओघळींच्या काठी असतात हे हेरून सबंध शहराच्या निचऱ्याची जोडणी त्या वस्त्यांमधूनच नेण्याची योजना आखली. तिच्यात रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा खाली ठेवायचे होते, म्हणजे पावसाचे पाणी रस्त्याने जाईल, घरातून नाही. 1998 मध्ये या कामाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे देखभालीवरून टीकाही झाली आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. तरी जोत्याखालचा रस्ता ही कल्पना तिच्यामुळे खोटी ठरत नाही. होळकरांच्या गावची युक्ती शिंद्यांच्या गावाने कशी उचलायची, एवढीच काय ती अडचण.

खरा दोष या उपायांच्या किमतीत आहे. पन्हळ, पिंप आणि खडीचे टेंडर काढावे तर ते इतके लहान होते की कोणी भरायला येत नाही. कोटींच्या खाली पाण्याला वाहण्याचा उत्साह वाटत नाही, असे नगर निगमाचे निरीक्षण असावे. याउलट महागड्या कामांत चमत्कार घडतात. 2025 च्या पावसाळ्यात ग्वाल्हेरच्या चेतकपुरी भागातला नवाकोरा रस्ता पहिल्याच सरींत जागोजागी खचला आणि शोषखड्डे आपोआप तयार झाले. ते नेमके रहदारीच्या मधोमध होते, एवढेच.

राहिली मे महिन्यातली गाळकाढणी. नाल्यातला गाळ उपसून काठावर ढीग घालतात, वाळला की उचलू म्हणतात. तो वाळतोही. मग जूनची पहिली सर त्याला जिथल्या तिथे परत पोचवते आणि काढलेल्या गाळाचे बिल काढलेलेच राहते. तेव्हा नाल्याकाठी ढीग दिसला की पार्षदाला गाठावे आणि गाडी आठवडाभरात मागवावी. या कामाला टेंडर लागत नाही.