काका, साइड!

हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली टक्कन बसला की चेहऱ्यावर आपोआप कर्तबगारी येते. निघालेला असतो मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, पण आरशात दिसतो तो आल्प्सच्या घाटात आघाडी घेतलेला कुणी गडी. पथ्य एकच, आरशात गळ्याखाली बघायचं नाही. गळ्याखाली पिवळीधमक जर्सी असते आणि तिच्याखाली ती चड्डी. बुडाला गादी शिवलेली, मांड्यांना चिकटलेली आणि पोटाबद्दल काहीही झाकून न ठेवणारी. पहिल्यांदा हा पोशाख करून लिफ्टमधून बाहेर आलो, तेव्हा सोसायटीच्या वॉचमनने उभं राहून अदबीने विचारलं होतं, "साहब, स्विमिंग?"

मी डगमगलो नाही, कारण मला अकरा सेकंद हवे आहेत. मोबाइलमधलं एक अॅप पार्कातल्या कान्हेरी लेण्यांच्या चढावर प्रत्येकाची वेळ मोजतं आणि आजवर तिथे घाम गाळलेल्या सगळ्यांची उतरंड लावतं. त्या उतरंडीत मी इतका तळाला आहे की स्वतःचं नाव शोधताना अंगठा दुखतो. पण माझ्या बरोबर वरच्या पायरीवर जो कोणी गृहस्थ बसलाय, त्याच्यात आणि माझ्यात अंतर अवघं अकरा सेकंदांचं. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, त्याने माझं काही घोडं मारलेलं नाही. तरी साडेपाचचा गजर मी त्याच्यासाठी लावतो. बायकोला वाटतं, हे सगळं कोलेस्टेरॉलसाठी चाललंय.

हे अकरा सेकंद रोज कुणी ना कुणी खातं.

बहुतेक वेळा खातात त्या पाचजणी. पाचही एका रांगेत चालतात आणि बोलणारी नेहमी मधली असते. कडेच्या दोघींना सुनेचा पुढचा पराक्रम नीट ऐकू यावा म्हणून रांगेची चंद्रकोर होते आणि सगळा रस्ता व्यापते. घंटी वाजली की दोघी डावीकडे, तिघी उजवीकडे. मग तिघींना वाटतं, चुकीच्या बाजूला आलो, म्हणून त्या डावीकडे निघतात. त्याच क्षणी डावीकडच्या दोघी माझ्यासाठी सौजन्याने उजवीकडे सरकतात. मधोमध मी, एक पाय जमिनीवर. सुनेची गोष्ट मात्र एका शब्दानेही तुटलेली नसते.

दुसरे, उलटे चालणारे. गुडघ्यांसाठी चांगलं असतं म्हणून पाठमोरे चालणारे एक आजोबा आहेत. त्यांच्या मागून यायचं म्हणजे त्यांच्या समोरून यायचं. लांबूनच आमची नजरानजर होते. ते माझ्याकडे बघत असतात, मी त्यांच्याकडे, आणि ते शांतपणे माझ्यापासून मागे मागे जात असतात. अशा वेळी घंटी वाजवणं उद्धटपणाचं वाटतं, न वाजवणं धोक्याचं. आम्ही एकमेकांना मान लववतो.

माकडांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती आठवण ताजी आहे. सायकलवाल्यांच्या जर्सीचे खिसे पाठीवर असतात. हा शोध ज्याने लावला त्याच्या गावात माकडं नसावीत.

आणि बिबट्या. त्याचं नाव काढलं की पाहुणे दचकतात, पण रस्त्यावरच्या रीतिभातीत त्याचा हात धरणारा कुणी नाही. तयार वाट असताना झाडोऱ्यातून अंग खरचटत कशाला जायचं, हे त्यालाही कळतं. म्हणून तोही आमचेच रस्ते आणि पायवाटा वापरतो, पण बहुतेक करून रात्री, आम्ही झोपलेले असताना. माणसाची चाहूल लागली की सहसा बाजूला होतो. शर्यत लावत नाही, स्पीकरवर भजनं लावत नाही.

मघाशी घंटीचा विषय निघालाच आहे, तर मला थांबवू नका. घंटीबद्दल मी तासभर बोलू शकतो आणि घरी कुणी ऐकत नाही.

जुन्या काळ्या सायकलीची घंटी तुम्ही कधी उघडून पाहिली आहे का? वरची चकचकीत वाटी आटे फिरवून काढायची. आत अंगठ्याच्या खटक्याला जोडलेली दातेरी चक्रं असतात आणि एका फिरत्या पट्टीवर दोन सैल चकत्या. खटका ओढला की पट्टी गरगरते, चकत्या बाहेरच्या बाजूला फेकल्या जातात आणि वाटीला आतून थडाथड आपटतात. खटका सोडला की स्प्रिंग सगळं उलटं फिरवते आणि पुन्हा तोच नाद. म्हणून एकाच अंगठ्यात ट्रिंग आणि परतीचं ट्रिंग. वाटी नुसत्या हाताने निघत असल्यामुळे ती चोरीलाही जायची, आणि वाटी गेलेल्या घंटीचा तो खरखर आवाज ऐकून अख्खी आळी ओळखायची की याची कालच गेली. पोस्टमनची घंटी दारापाशी एकदाच वाजे. दूधवाल्याची वाजे ती कॅन हिंदकळू नये म्हणून लांबूनच. आमचे गणिताचे मास्तर वळणावर वाजवायचे, पुढे कोणी असो वा नसो. त्या ट्रिंगमध्ये हुकूम नव्हता. आलोय एवढंच सांगणं होतं, देवळात शिरताना आपण घंटा वाजवतो तसं.

मी हजारो रुपये मोजून गिअरची सायकल घेतली तेव्हा तिला घंटी नव्हती. दुकानदार म्हणाला, "सर, सिरीयस रायडर्स लावत नाहीत. वजन वाढतं." मी माझ्या पोटाकडे पाहिलं. तिथे काही किलो विनातक्रार प्रवास करणार होते आणि याला पन्नास ग्रॅमची चिंता पडली होती. मी घंटी लावली, आणि हौसेने जुन्या पद्धतीची, मोठ्या वाटीची लावली. कार्बनच्या हँडलवर ती अशी दिसते की इतर सायकलवाले बघून नजर वळवतात.

वाजवायची कशी, याचंही एक शास्त्र मी बसवलं आहे. पाचदहा मीटरवर आल्यावर वाजवली तर माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस कुठल्याही बाजूला उडी मारतो. म्हणून चांगली तीस-चाळीस पावलं आधी वाजवायची, एकदाच. मग पेडल मारणं थांबवायचं आणि वेग उतरू द्यायचा. समोरचा माणूस मान वळवतो, बघतो, ठरवतो, मगच सरकतो. त्याचं ठरेपर्यंत आपण थांबायचं, आणि मग उजवीकडून, मधे हातभर जागा सोडून पुढे. लहान मूल असेल तर हे सगळं विसरून सरळ पाय टेकायचा, कारण मुलाचं काहीच ठरलेलं नसतं. जाताना 'थँक्यू' म्हणायचं. हे मी इतक्या तन्मयतेने करतो की अकरा सेकंदांचे केव्हाच चाळीस झालेले असतात.

आणि त्याच वेळी मागून हाक येते, "काका, साइड!"

काका म्हटल्याचा राग नाही. खरं म्हणजे आहे. पण खरा राग त्या 'साइड'चा आहे. रविवारी दहा-बाराजणांचा जथा येतो, एकसारख्या जर्सीत, आणि अँब्युलन्सला लाजवेल अशा आवाजात रस्ता मागत जातो. चढताना ठीक आहे, चढावर सगळेच नम्र असतात. उतरताना त्यांचा वेग तासाला तीस-पस्तीस सहज असतो. तीसने येणारी सायकल एका सेकंदात आठ मीटर कापते, आणि 'अरे बापरे' म्हणेपर्यंत तो सेकंद ब्रेक न दाबताच संपतो. वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यावरही थांबायला चौपट अंतर लागतं. पावसाळ्यात वळणावर ओली पानं आणि शेवाळ असतं, तिथे तर ब्रेक ही नुसती सदिच्छा उरते.

वर कान्हेरीला पोहोचून धापा टाकत बसलो की खडकात कोरलेली पाण्याची टाकी दिसतात. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या, चौलच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी इथल्या भिक्षूंना गुंफा दिल्या, टाकी दिली आणि शेजारी ब्राह्मी लिपीत नाव-गाव कोरून ठेवलं. म्हणजे हा डोंगर चढून आलेल्या माणसाला वर आपलं नाव लावायची हौस जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीही होती. फक्त तेव्हा त्याआधी टाकं खोदून द्यावं लागे.

कान्हेरीच्या या रस्त्यावर एक जोडपं येतं. साठीचे असतील. गृहस्थांना झटका येऊन गेलाय. उजवा पाय ओढत, चौपायी वॉकर पुढे टाकत चालतात. बाई नेहमी त्यांच्या उजव्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला असतात. मागून सायकलची चाहूल लागली की त्या वळून बघत नाहीत, उजवा हात मागे नेऊन तळवा उघडा धरतात. हळू. तळव्याला पीठ लागलेलं मी एकदा पाहिलं आहे, पोळ्या लाटून निघाल्या असाव्यात. एवढ्याशा तळव्याच्या भरवशावर त्या नवऱ्याला रस्त्यावर आणतात, आणि मागून तीसच्या वेगाने उतरणाऱ्याला तो तळवा दिसेल, हे गृहीत धरतात.

परवा ते दोघे कठड्यावर बसले होते, म्हणून मी सायकल थांबवली. रविवारी दिसला नाहीत, म्हटलं.

"रविवारी आम्ही यायचं सोडलं, भाऊ," बाई म्हणाल्या. "रविवारी तुमची मंडळी असतात."

तुमची मंडळी! मला इतकं लागलं की काय बोलावं सुचेना. त्या जथ्याच्या नावाने मी इतके दिवस दात-ओठ खात होतो, आणि यांच्या हिशेबी मी त्यांच्यातलाच, तीच जर्सी, तीच चड्डी. त्यांचं चुकत होतं असंही नाही. त्यांच्यासाठी सायकलवाला म्हणजे सायकलवाला, आणि त्याचा त्रास हा की आठवड्यातला एक दिवस त्यांच्या पायांतून गेला. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं होतं.

"पण मी तर लांबूनच घंटी वाजवतो," मी म्हणालो. कैफियत मांडताना माझा आवाज जरा चढलाच.

"घंटीचं कसलं घेऊन बसलात! त्याच्या आधी तुमची धाप ऐकू येते. हे मला सांगतात, आले बघ."

गृहस्थ गालात हसले. मग माझ्याकडे बघून, ओठांशी झटापट करत, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "ब...सा. ज...रा."

बसलो. अॅप चालूच होतं. बाईंनी तिखटमीठ लावलेली काकडीची फोड पुढे केली, मी ती घेतली आणि माझ्या घंटीची रचना त्यांना समजावून सांगायला लागलो. चकत्यांपर्यंत आलो असेन नसेन, तर फोड माझ्या हातातून वरच्या फांदीवर गेली होती आणि तिथून कचाकचा चावल्याचा आवाज येत होता.

"हातात धरून काय बसलात?" बाई माकडाला सोडून मलाच ओरडल्या. "रोज येता ना इथे?"